नांगराचें इंजिन आणि रणगाड्याचें इंजिन

तिकोणा पेठेच्या खाचरांत चिखलणी सुरू झाली म्हणजे ट्रॅक्टरचा आवाज दूरवर ऐकूं येतो. हें यंत्र व लष्करी गाडी एकाच घराण्यांतील आहेत, हें पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक नसेल. जुनें इंजिन विकत घेणारानें तरी तें जाणणें अवश्य आहे.

पहिल्या महायुद्धांत तोफा ओढण्यास अमेरिकेंतील होल्ट कंपनीचे साखळपट्ट्यांचे ट्रॅक्टर वापरले गेले. इंग्लंडांत लिंकन येथील फॉस्टर कंपनी शेतीचीं यंत्रें करी; तिनेंच 1915 सालीं पहिला रणगाडा सिद्ध केला. 1916 सालीं रणांगणावर उतरलेल्या रणगाड्यांत 105 अश्वशक्तीचें डेमलर इंजिन होतें. तेंच त्या कंपनीच्या अवजड ट्रॅक्टरांतही बसवीत असत.

पुढें उलट प्रवासही घडला. युद्धांतील विलीज जीप 1945 पासून शेतीच्या कामाची म्हणूनही विकली जाऊं लागली. त्याच सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें पुढें मुंबईंत जीप जुळविली. 1963 सालीं तिच्या भागीदारींत इंटरनॅशनल ट्रॅक्टरचा कारखाना निघाला, आणि कालांतरानें जीपमध्यें ट्रॅक्टरचें डिझेल इंजिन बसलें.

तर मग दोन्ही इंजिनें सारखींच समजावीं काय? मुळींच नाहीं. युद्धकाळच्या जीपचें पेट्रोल इंजिन 60 अश्वशक्तीचें खरें, परंतु ती शक्ति मिनिटास 4000 फेऱ्यांना मिळते. 2000 फेऱ्यांवर तेंच सुमारें 40 अश्वशक्ति देतें. ट्रॅक्टरचें इंजिन मात्र सुमारें 2000 फेऱ्यांवर दिवसभर राबण्यासाठींच बांधलेलें असतें.

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें ‘साठ घोडे’ ऐकून जुन्या जीपचें इंजिन पंपास जोडलें. एके दिवशीं विहिरींतील पाणी खालीं गेलें व पंपानें पाणी सोडलें. भार सुटतांच इंजिन बेफाम झालें आणि त्याचा कनेक्टिंग रॉड तुटला. ट्रॅक्टरांत भार कमी होतांच इंधन आवरणारा गव्हर्नर असतो. या इंजिनास तो नव्हता. वर्षाची बचत एका घटकेंत गेली.

आम्हीं महसूल खात्यांत आयुष्य काढलें. उतारा पाहिल्यावांचून जमीन घेऊं नये, हें आम्हीं कित्येकांस सांगितलें. इंजिनाचेंही तसेंच आहे. पूर्ण शक्ति किती फेऱ्यांवर मिळते, गव्हर्नर आहे काय, गाडी उभी असतां पंख्याच्या वाऱ्यानें पाणी थंड राहतें काय, आणि सुटे भाग कोठें मिळतात, हे चार प्रश्न आधीं विचारावे. पैसे मागाहून मोजावे.