नवजात शिशूचा प्रतिश्याय आणि नेत्रस्राव : धुरी, काजळ आणि दिवसांचा हिशेब

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील चिकित्सालयांत थंडीच्या दिवसांत एक तक्रार वारंवार कानी पडते. बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रसूतिगृहातून माहेरी येते, आठवडाभरात आजी बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन येते आणि सांगते, "नाक चोंदलंय, शिंका येतात, डोळे लाल झालेत. काहीतरी सौम्य द्या." ज्वर नसतो, स्तनपान बरे चाललेले असते. अशा वेळी 'बालप्रतिश्याय' असे निदान लिहून चाटण देण्याचा मोह होतो. आमच्या मते या वयात लेखणी उचलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. बाळाला धुरी देता का? आणि बाळ नेमके किती दिवसांचे आहे?

पहिला प्रश्न धुरीचा. अभ्यंग-स्नानानंतर शेगडीवर ओवा, वावडिंग, ऊद, शेपा टाकून बाळाला त्या धुरावर धरण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. पूर्वीच्या घरांना पडवी होती, कौलांतून धूर निघून जाई. आज हाच विधी दहा बाय बाराच्या खोलीत, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून केला जातो. त्यात भर डासांच्या कॉईलची आणि उदबत्तीची. बाहेरची हवाही निर्मळ नाही. डोंबिवली एम.आय.डी.सी.लगतच्या रहिवाशांना उग्र वासाचा अनुभव नवा नाही, 2020 साली तेथील रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाल्याचे सर्वांनी पाहिले आहे.

धूपन हे शास्त्रोक्त आहे, असे येथे कोणी म्हणेल. काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्यायच आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु चरकांचे शारीरस्थानातील जातिसूत्रीय प्रकरण काळजीपूर्वक वाचावे. तेथे यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा आदींचे धूपन सांगितले आहे ते शिशूच्या वस्त्रांना, शय्येला, अंथरुण-पांघरुणाला. प्रत्यक्ष बालकास धुरावर धरावे, असे तेथे म्हटलेले नाही. कपडे दुसऱ्या खोलीत धुपवावेत, धूर विरल्यावर वापरावेत. शास्त्रही राहते आणि बाळाचे डोळेही. आम्ही अनेक घरांत औषधाचा एकही थेंब न देता केवळ धुरी, कॉईल व काजळ बंद करविले आणि तीन-चार दिवसांत नाक व डोळे दोन्ही निवळलेले पाहिले.

काजळाबाबत फार लिहावयास नको. बाजारी सुरम्यात शिसे असू शकते आणि घरचे काजळ निर्दोष धरले तरी ते घालणारे बोट निर्जंतुक नसते. नाकात तेल सोडण्याविषयी मात्र आपल्यातच मतभेद आहेत. वाग्भटांनी सात वर्षांखाली नस्य वर्ज्य सांगून प्रतिमर्श मात्र आजन्म प्रशस्त मानला आहे, हा आधार दिला जातो. न्हाऊ घालणाऱ्या बाई करतात तो प्रतिमर्श नव्हे. त्या बाळ उताणे धरून तेलाची धार सोडतात आणि वर फुंकर घालतात. नवजात बालक प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते, त्यास तेल शिंकरता येत नाही. ते फुफ्फुसात उतरले तर न्यूमोनियाचे कारण होते. नाक खरोखर चोंदले असेल तर स्तनपानापूर्वी 0.9 टक्के लवणजलाचा एकेक थेंब पुरतो. अधूनमधून येणाऱ्या शिंका तर या वयात स्वाभाविकच असतात. सितोपलादी मधातून देण्याची सवयही एक वर्षाखाली सोडावी, कारण मधातील बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीज या वयात घातक ठरू शकते.

आता दुसरा प्रश्न, दिवसांचा. येथे आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चार दिवसांचे एक बालक आमच्याकडे आले. पापण्या किंचित सुजलेल्या, थोडा पिवळसर स्राव. आम्ही त्यास कुकूणक समजलो, मातेला स्तन्यशोधक काढा लिहून दिला, त्रिफळा क्वाथाचे आश्च्योतन सांगितले व दोन दिवसांनी बोलावले. सहाव्या दिवशी बाळ आले तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या, उघडताच पू उसळून बाहेर आला. तत्काळ रुग्णालयात पाठविले, सूचिवेध सुरू झाले, दृष्टी वाचली. उजव्या डोळ्यात फूल मात्र राहिले. वाग्भट कुकूणकाचा संबंध दन्तोत्पत्तीशी जोडतात, सुश्रुत स्तन्यदुष्टीशी. चार दिवसांच्या बाळाला ते नाव देण्यात आमची घाई झाली होती.

जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दोन्ही डोळ्यांना सूज व दाट पू असेल तर प्रसूतिमार्गातून आलेला गोनोरियाचा संसर्ग गृहीत धरावा. तो काही तासांतच कृष्णमंडल भेदू शकतो. पाचव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान सुरू होणाऱ्या लाल, चिकट डोळ्यांमागे क्लॅमिडिया असू शकतो, आणि त्यास केवळ डोळ्यांतील थेंब पुरत नाहीत. पुढे एक ते तीन महिन्यांच्या वयात हेच बालक ज्वराविना ठसक्यासारख्या तुटक खोकल्याने येते. नाक व डोळे यांची जोडगोळी आम्हांस साधी वाटत नाही ती याचसाठी. अशा वेळी माता-पित्यांचीही तपासणी लागते. हा विषय सासूबाईंसमोर काढू नये; बाळंतिणीशी एकटीशी, हळुवारपणे बोलावे.

याउलट एकाच डोळ्यातून सतत पाणी, सकाळी पापण्या चिकटलेल्या, परंतु पांढरे बुबुळ स्वच्छ, असे असेल तर बहुधा अश्रुनलिका अजून उघडलेली नसते. स्वच्छ बोटाने डोळ्याच्या आतील कोपऱ्यापासून नाकाच्या बाजूने खाली हलका दाब देत दिवसातून तीन-चार वेळा मर्दन शिकवावे. बहुतेकांत वर्षाच्या आत नलिका मोकळी होते.

औषध विक्रेत्या बंधूंना एक आग्रहाची विनंती. "बाळाचे डोळे आलेत, थेंब द्या" असे कोणी म्हणाले तर प्रथम वय विचारावे. अठ्ठावीस दिवसांच्या आत असल्यास थेंब न देता वैद्यांकडे वा रुग्णालयात पाठवावे. स्टेरॉइडयुक्त थेंब तर चिठ्ठीशिवाय देऊच नयेत. मोठ्यांचे नाक मोकळे करणारे थेंबही बाळासाठी देऊ नयेत.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजून साठ किंवा अधिक भरला, छाती खाली ओढली जात असली, बाळ दूध ओढीनासे झाले, अंग 99.5 अंशांहून तापले वा गार पडले, किंवा डोळ्यांतून पू येऊ लागला, तर चिकित्सालयात वेळ दवडू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आपल्या परिसरात आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये 2011 पासून आजारी नवजाताचे उपचार शासकीय संस्थांत निःशुल्क आहेत, हेही पालकांस सांगावे. खर्चाच्या भीतीने एक रात्र थांबणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. सोबतच्या चिठ्ठीवर बाळाचा जन्मदिवस, डोळ्यांची तक्रार सुरू झाल्याचा दिवस आणि तोवर डोळ्यात काय काय घातले गेले, एवढे तीन तपशील स्वच्छ अक्षरात लिहावेत.