धरणाचा पाझर : निवळ की गढूळ?

दमणगंगा नदीवरील मधुबन धरणाचा जलाशय दादरा व नगर हवेलीत दूरवर पसरला असून सिल्वासा शहर धरणाच्या खालच्या अंगास वसले आहे. या धरणाचा काही भाग दगडी बांधकामाचा, तर काही मातीचा आहे. म्हणून मातीच्या धरणाच्या पाझराची पारख येथील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी या सर्वांस असणे अगत्याचे आहे.

मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरतेच. तेवढ्याने भिण्याचे कारण नाही. परंतु पाझराबरोबर भरावातील माती वाहू लागली म्हणजे धोका सुरू होतो. ही झीज पाणी बाहेर पडते तेथून आरंभ पावते व मागे मागे जलाशयाकडे सरकते. अखेरीस भरावात नळीसारखी पोकळी तयार होते. विमोचकाच्या नळालगतची सैल माती, कुजलेली मुळे व घुशींची बिळे यांतून तिला वाट मिळते.

पुढील लक्षणांवर नजर ठेवावी :

(१) पायथ्याशी नव्याने दिसणारी ओल किंवा भर उन्हाळ्यात हिरवे राहणारे गवत.
(२) वाळूचे कडे करून उसळणारा झरा.
(३) माथ्यावर वा उतारावर पडलेला खड्डा.
(४) जलाशयाची पातळी तीच असता वाढलेला पाझर.

पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरून स्थिर ठेवावे. तळाशी माती बसल्यास तत्काळ अभियंत्यांस कळवावे. हा प्रयोग शाळेतही दाखविता येईल.

विलंब किती महाग पडतो, हे अमेरिकेतील टेटन धरणाने दाखविले. ५ जून १९७६ रोजी सकाळी तेथे गढूळ गळती दिसली व दुपारपूर्वीच धरण फुटले. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून अनेकांचे प्राण गेले. तेथील गळतीची तक्रार ग्रामस्थांनी पूर्वीच केली होती.

गळतीचे तोंड चिकणमातीने बुजविणे ही मोठी चूक होय. कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट फोडते. अभियंत्यांच्या देखरेखीखाली तेथे प्रथम वाळू, तीवर खडी व शेवटी दगड असे थर द्यावे लागतात. अशा गाळणीतून पाणी जाते, माती अडते. त्याचबरोबर जलाशयाची पातळी उतरविली जाते. कायमची दुरुस्ती त्यानंतर होते. पाणी वाढतच असेल, तर खालच्या वस्तीस प्रथम हलवावे.

पाण्यास वाट द्यावी, मातीस देऊ नये, हेच या दुरुस्तीचे सार होय.