भरतीचे गाव

मुलांनो, घराबाहेर पडताना तुम्ही घड्याळ पाहता. सँडरलंड पॉइंट या गावचे लोक मात्र आधी भरतीची वेळ पाहतात.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ल्यून नदी समुद्राला मिळते. तिच्या खाडीच्या मुखाशी हे लहानसे गाव आहे. शेजारच्या ओव्हरटन गावाहून येणारा एकच रस्ता चिखलातून व खाजणातून जातो. मोठी भरती आली, की तो पाण्याखाली बुडतो. मग ओहोटी लागेपर्यंत थांबायचे! भरती रोज त्याच वेळी येत नाही. ती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

अशा आडबाजूच्या गावात एके काळी मोठी जहाजे येत, हे तुम्हांला खरे वाटेल का? लँकेस्टर शहर नदीच्या वरच्या बाजूला आहे. पण नदी उथळ. म्हणून अठराव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट लॉसन या व्यापाऱ्याने येथे धक्का व गोदामे बांधली. वेस्ट इंडीज बेटांतून साखर, रम, कापूस येऊ लागला. हा माल तेथे गुलामांच्या कष्टांतून पिकत असे. १७८७ साली समोरच्या तीरावर ग्लासन येथे गोदी सुरू झाली. व्यापार तिकडे गेला. गावात मासेमारी उरली.

या गावाबाहेर, समुद्रकाठच्या शेतात, एक कबर आहे. १७३६ च्या सुमारास एक कप्तान आपल्या काळ्या नोकराला घेऊन येथे उतरला. लोक त्या नोकराला सँबो म्हणत. गोरे लोक काळ्या नोकरांना सर्रास हे नाव देत. त्याचे खरे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मालक त्याला सराईत ठेवून लँकेस्टरला गेला. मालकाने आपल्याला टाकले, असे वाटून तो दुःखाने मेला, असे सांगतात. पण एखाद्या रोगाने तो गेला असावा, हेच अधिक पटते. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. म्हणून चर्चच्या कबरस्तानात त्याला जागा मिळाली नाही.

साठ वर्षे त्या कबरीवर साधी पाटीही नव्हती. मग जेम्स वॉटसन या निवृत्त शिक्षकांनी गावात येणाऱ्या पाहुण्यांकडून पैसे जमवले. १७९६ साली त्यांनी कबरीवर पाटी बसवली. तिच्यावरील कविताही त्यांचीच. आता लहान मुले तेथे फुले वाहतात आणि स्वतः रंगवलेले दगड ठेवून जातात.