स्कूटर सुरू होत नाही!

ज्या घरात स्कूटर असते त्या घरात ती कधी ना कधी रुसतेच. बाहेर जायची घाई असते आणि नेमकी त्याच वेळी ती सुरू होत नाही. मग जो तो सल्ला देऊ लागतो. कोणी म्हणतो, “प्लग गेला.” कोणी म्हणतो, “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे.” कोणी नुसताच किकवर किक मारत राहतो. घाम येतो, पण इंजिन मात्र गप्प! अशा वेळी काय करावे? आजच्या पाठात आपण हेच शिकणार आहोत.

सातारा शहराचे आणि स्कूटरचे जुने नाते आहे. 1975 साली ‘महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून ती उभी केली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात ‘प्रिया’ नावाची स्कूटर तयार होत असे. त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. एवढी वाट पाहून घरात आलेली स्कूटर लोक जिवापाड जपत आणि तिची लहानसहान दुरुस्ती घरीच करत. आता प्रिया तयार होत नाही. पण काही घरांत ती अजून जपून ठेवलेली दिसते.

त्या काळची एक गंमत तुम्ही मोठ्या माणसांकडून ऐकली असेल. स्कूटर सुरू झाली नाही की लोक तिला एका बाजूला कलती करत आणि मग किक मारत. कधी ती सुरू होई, कधी होत नसे. सुरू झाली तरी दोष कोणता होता, हे कळत नसे. अंदाजाने केलेली दुरुस्ती अशीच असते. आपल्याला मात्र कारण शोधायचे आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला चालू होण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार होते. ते सिलिंडरमध्ये जाते. तेथे पिस्टन ते दाबतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. तिन्हींपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी इंजिन सुरू होणार नाही. म्हणून तपासणी करताना मनात तीनच प्रश्न ठेवा: पेट्रोल येते का? हवा मिळते का? ठिणगी पडते का?

आधी सोप्या गोष्टी पाहा. किल्ली फिरवली आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? जुन्या स्कूटरला पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद राहिला तर कितीही किक मारा, उपयोग नाही. पेट्रोल कमी असेल तर कॉक ‘रिझर्व्ह’वर घ्यावा लागतो. नव्या स्कूटरचे बटण दाबताना ब्रेक धरावा लागतो. बाजूचा स्टँड खाली असेल तर काही गाड्या सुरूच होत नाहीत. हा काही बिघाड नव्हे, ती सुरक्षेची सोय आहे. पुष्कळ वेळा तपासणी इथेच संपते आणि गॅरेजचा खर्च वाचतो.

आता गाडी कशी बंद पडली ते आठवा. चालता चालता ती एकदम बंद पडली, तर दोष बहुधा ठिणगीचा असतो. गचके खात, हळूहळू बंद पडली, तर बहुधा पेट्रोल पोहोचत नसते. थोडा वेळ चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडून लावले की पुन्हा चालते, असे झाले तर झाकणाचे बारीक छिद्र बुजले असेल. त्या छिद्रातून टाकीत हवा गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही. हवेच्या फिल्टरमध्ये धूळ साचली, तर इंजिनाला श्वास घेता येत नाही. गाडी ओढ घेत नाही आणि धूर काळा येतो.

यानंतर प्लग पाहायचा. प्लग म्हणजे इंजिनाच्या आतला साक्षीदार! पण त्याची साक्ष काढताना मोठ्या माणसाला बरोबर घ्या. इंजिन थंड होऊ द्या. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फडक्याने पुसा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग रबरी टोपी काढून प्लगच्या पान्याने प्लग सोडवा.

बऱ्याच किका मारूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल आतपर्यंत आलेलेच नाही. कॉक, नळी आणि कार्ब्युरेटर या वाटेवर कोठेतरी अडथळा आहे. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येते आहे; पण एकतर ठिणगी पडत नाही, नाहीतर चोक जास्त वेळ ओढल्यामुळे पेट्रोल अती झाले आहे. प्लगवर काळी काजळी असेल तर ती साफ करावी. प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर समजावे, इंजिनाची तब्येत चांगली आहे. प्लगच्या दोन टोकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. तिचे नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

प्लग ओला होता, तो पुसून लावला, तरीही गाडी सुरू झाली नाही, तर नवा प्लग लावून पाहा. गाडी सुरू झाली तर दोष जुन्या प्लगचा. नव्या प्लगनेही सुरू झाली नाही तर कॉइल किंवा वायर तपासावी लागेल. ते काम मिस्त्रीचे. प्लग बसवताना आधी हाताने फिरवा, मग पाना लावा. एकदम पाना लावला तर आटे खराब होतात आणि पाच मिनिटांचे काम मोठ्या खर्चाचे होते.

एक नियम कायम लक्षात ठेवा: एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग बदलला, फिल्टर धुतला आणि कार्ब्युरेटरचे स्क्रूही फिरवले, तर गाडी कशामुळे सुरू झाली हे कळणार कसे? काय पाहिले आणि काय बदलले, ते वहीत लिहून ठेवा.

साताऱ्याच्या डोंगरात पावसाळा जोरदार असतो. भिजलेल्या प्लगच्या टोपीमुळे स्कूटर अडून बसते. टोपी कोरड्या फडक्याने पुसली की पुष्कळदा काम भागते. पण हीच कृष्णा नदी महाबळेश्वरहून निघून, वाई व कराड मागे टाकून सांगलीला पोहोचते, तेव्हा तिचे रूप वेगळे असते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगली शहरात शिरले. घरांबरोबर अनेक वाहनेही पाण्यात बुडाली.

पुरात बुडालेली स्कूटर पाणी ओसरल्यावर वरून चांगली दिसते आणि हात लगेच किल्लीकडे जातो. हीच मोठी चूक! हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून किक मारू नका, बटण दाबू नका. मोठ्या माणसांकडून बॅटरीची जोडणी सोडवून घ्या आणि गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्या. तो प्लग काढून आतले पाणी बाहेर काढील आणि पाणी मिसळून दुधी झालेले तेल बदलील. न केलेली एक किक तुमच्या घरचे मोठे नुकसान टाळू शकते.

सुरक्षेचे नियमही तितकेच महत्त्वाचे आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या दिव्यानेही पेट घेऊ शकते. म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. जवळ चूल, स्टोव्ह किंवा पेटती विडी नसावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. ब्रेकची दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. इंजिन सुरू झाले नाही तर आपण घरी राहतो. ब्रेक लागला नाही तर जीव जातो. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी घरी कधीही उघडू नये.

दुरुस्तीचे काम हलके आहे असे समजू नका. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे लहान दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. यंत्राकडे नुसते पाहणे आणि यंत्र समजून घेणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर पहिल्या ‘का?’ने कमी होऊ लागते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी स्कूटर रुसली तर तिच्यावर रागावू नका. तिला तीन प्रश्न विचारा. ती नक्की उत्तर देईल!

शब्दार्थ

ठिणगी – आगीचा लहान कण
साक्षीदार – घडलेली गोष्ट पाहिलेला, गवाह
काजळी – धुराचा काळा थर
आटे – स्क्रू किंवा प्लगवरील गोल चढत जाणाऱ्या खाचा
ओसरणे – (पाणी) कमी होणे, उतरणे
जिवापाड जपणे – जिवाप्रमाणे सांभाळणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इंजिन सुरू होण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी लागतात?
(आ) ‘प्रिया’ स्कूटर कोठे तयार होत असे?

2. कारणे लिहा.
(अ) प्लग काढण्याआधी भोवतीची धूळ पुसावी.
(आ) पुरात बुडालेल्या स्कूटरला किक मारू नये.

3. दुरुस्ती, हवा, साफ, खर्च हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

4. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूविषयी मोठ्या माणसांना विचारा. दोष कसा सापडला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.