भाकरीची जोड

वाचकहो, आपल्या जालना जिल्ह्यांतील पुष्कळ घरीं ज्वारी-बाजरीची भाकरी हेंच मुख्य अन्न होय, आणि तें उत्तम आहे. परंतु पोट भरलें म्हणजे शरीराचें पोषण झालें, असें नाहीं. ज्वारींतील प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो. तो तूर, मूग, हरभरा ह्यांच्या डाळींत विपुल असतो. उलट डाळींत जें थोडें, तें धान्यांत मिळतें. म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण असावें. डाळीच्या नुसत्या पाण्यानें ही उणीव भरून येत नाहीं.

बाजरींत व पालेभाजींत लोह असतें. तें अंगीं लागण्यास लिंबू, आवळा, मोसंबी ह्यांतील क जीवनसत्त्वाचें साहाय्य होतें. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ती गाड्या भरभरून बाजारास जाते, आणि बागेंत राबणाऱ्या मजुराच्या मुलास कित्येकदां एक फोडही मिळत नाहीं! असो, भाजीवर लिंबू पिळणें तरी अवघड नाहीं. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊं नये. तो लोह शोषूं देत नाहीं.

मासिक पाळी व बाळंतपण ह्यांमुळें लोहाची गरज स्त्रीस अधिक असते. तथापि ती जेवते सर्वांच्या शेवटीं, आणि तोंवर वरण संपलेलें असतें. ह्यास्तव पुरुषांनीं पानावर बसण्यापूर्वींच तिच्या वाट्याचें वरण व भाजी वेगळीं काढून ठेवावीं.