वैमानिकाची दिशाभूल

विमान सरळ चालले आहे की एका अंगावर कलले आहे, हे आत बसलेल्या वैमानिकालाच कळू नये, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. आमच्या घरात विमानात बसलेले कोणी नाही. हा विषय माझ्यापर्यंत आला तो मानसशास्त्राच्या तासाला, 'संवेदन' हे प्रकरण शिकताना.

आपला तोल तीन साक्षीदार सांभाळतात : डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव क्षणभर मागे राहतो व त्यावरून मेंदूला वळण समजते. परंतु तेच वळण एकाच वेगाने दहा-वीस सेकंद चालू राहिले, की द्रवही बरोबरीने फिरू लागतो आणि वळत असल्याची जाणीवच नाहीशी होते. मग विमान सरळ केले, तर ते उलट बाजूला वळल्याचा भास होतो. लहानपणी गरगर फिरून एकदम थांबल्यावर अंगण फिरताना आपण सर्वांनीच पाहिले आहे. तोच हा प्रकार.

दिवसा क्षितिज दिसते, म्हणून डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा काळोख्या रात्री समुद्रावर हा मुख्य साक्षीदारच मुका होतो. त्याकरिता 'कृत्रिम क्षितिज' दाखवणारे उपकरण आले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून परत उतरवले. शरीरावर नव्हे, उपकरणांवर विश्वास ठेवा, हीच शिकवण वैमानिकांना दिली जाते.

पण उपकरणच चुकले तर? १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईस निघाले. समुद्रावर येऊन विमान सरळ झाले, तरी कॅप्टनसमोरील उपकरण ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. कॅप्टनने ते डावीकडे कलवले आणि कलवतच नेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. सहवैमानिकासमोर दुसरे उपकरण होते, शिवाय तिसरे राखीवही होते.

मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. घरात प्रथमच पुस्तके आलेल्या आमच्यासारख्यांपुढे, वडीलधाऱ्यांचा अनुभव मानावा की छापलेला शब्द, हा प्रश्न रोज उभा असतो. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये. दोन्ही साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. क्षितिज दिसत नसेल, तेव्हा तर अवश्य.