खेळाडूची निवड

अमेरिकेत बर्फावरील हॉकी हा महाविद्यालयांचा मोठा खेळ आहे. तेथील प्रशिक्षक कुमारांचे सामने पाहत हिंडतात व आपल्या संघासाठी मुले निवडतात. परंतु पहिल्या श्रेणीच्या संघात खेळावयाचे तर शाळेतील १६ मुख्य अभ्यासक्रम ठरावीक गुणांनी पूर्ण करावे लागतात. केवळ खेळ पुरत नाही.

माहीकाठच्या आपल्या सरदारपुरात बर्फाचे मैदान कोठले? तथापि निवडीची रीत सर्वत्र सारखीच. इटारसीजवळच्या चांदोन या खेड्यातील एका शिक्षकाचा मुलगा, विवेक सागर प्रसाद, अकोल्याच्या एका स्पर्धेत खेळला. ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी तेथे त्याचे गुण हेरले व त्याला भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत नेले. पुढे २०२१ साली टोकियो येथे व २०२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत तो होता.

पारखी कोणत्या सामन्यास येईल, हे आधी कळत नसते. म्हणून लहान सामनाही मनापासून खेळावा, आणि मैदानावरून परतल्यावर पुस्तक उघडावे. संधी आली असता गुणपत्रिकेमुळे ती हुकणे, यासारखी हळहळ दुसरी नाही.